मत्तीतला खिळा

उजवा हात गेल्यावर माणसाला पहिली अडचण येते ती धोतराची. देव, नशीब, पोटापाणी ह्या गोष्टी नंतर. दवाखान्यात तिसऱ्या आठवड्यात मला उठवून उभं केलं आणि धोतर खाली घसरलं, तेव्हा वॉर्डातली वीस माणसं बघत होती. मला वाटलं, ह्यापेक्षा मोठी लाज आयुष्यात नसेल. किती शहाणा होतो मी!

आता आमच्या जोयड्याच्या रानात लाकडाच्या गिरण्या वाढल्या, तशी हातापायानं अधू झालेली माणसंही वाढली. त्यांतली काही माझ्याकडं येऊन बसतात. एका हातानं धोतर कसं नेसायचं, विडी कशी पेटवायची, नारळ पायात कसा धरायचा, ते मी दाखवतो. पण अपघात कसा झाला असं कुणी विचारलं की मी आधी विषय बदलायचो. आता बदलत नाही. खानापूरला मामाकडं राहून मराठी चार बुकं शिकलो होतो, ती आता डाव्या हातानं कामाला लावली आहेत. अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं येतं, पण वाचता येतं.

*

माझं नाव सोमा. आमचं गाव नंदिगड्ड्याच्या पलीकडं, डोंगराला चिकटून. भाताचं काम असेल तेव्हा भात, नसेल तेव्हा रानकाम. जर्मनची लढाई संपल्यावर काळी नदीच्या काठाला वाफेवर चालणारी लाकडाची गिरणी आली आणि आम्ही गावातले सात-आठ जण तिथं लागलो.

गिरणीत एक मोठी गोल करवत होती, माझ्या छातीएवढी. ओंडका एका गाडीवर चढवायचा, गाडी रुळावरनं करवतीकडं ढकलायची. करवतीवर बसाप्पा मिस्त्री. हल्याळकडचा कानडी माणूस, मोठ्या मिशांचा, मराठी बोलायचा पण धेडगुजरी. सगळ्यांना तो ‘तम्मा’ म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो.

रानातनं ओंडके रेडे लावून ओढत आणतात, तेव्हा टोकाला लोखंडी कड्या ठोकतात. कधी कडी मोडते आणि तुकडा आत राहतो. फिरत्या करवतीला लोखंड लागलं की काय होतं ते बसाप्पानं धारवाडाकडं बघितलं होतं. म्हणून त्याचा नियम होता. ओंडका गाडीवर चढला की एकानं तो पुढून-मागून बघायचा, हात फिरवायचा, हातोडीनं वाजवायचा. मग बसाप्पा विचारणार, ‘तम्मा, लोखंड?’ आणि बघणारानं ओरडून सांगायचं, ‘साफ हाय अण्णा!’ तोवर तो करवतीचा पट्टा चढवायचा नाही. गिरणीचा साहेब मागं उभा राहून घड्याळ बघत असला तरी नाही.

तो बघणारा मी होतो. दोन वर्षं मीच होतो. माझ्या हाताला लोखंड कळतं असं बसाप्पा चारचौघांत सांगायचा, आणि मी ते ऐकून फुगायचो.

*

आता खिळ्याचं सांगतो.

आमच्याकडं बाईमाणसाला काही बाहेरचं लागलं, तर देवरशी ते उतरवून झाडाला खिळतो. लोहाराकडनं वीतभर लांब खिळा करून घ्यायचा. घरच्या कर्त्या पुरुषानं तो घणानं झाडात ठोकायचा, माथ्यापर्यंत, आणि मागं न बघता घरी यायचं. त्या खिळ्याचं नाव मरेपर्यंत कुणापुढं काढायचं नाही. काढलं की आतलं सुटतं आणि दुप्पट जोरानं घरी येतं, असं म्हणतात.

माझी बायको शेवंती. आमचं पहिलं मूल चौथ्या दिवशी गेलं आणि तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. केस मोकळे सोडून चुलीपुढं बसायची, घोगऱ्या आवाजात बोलायची, दोनदा नदीकडं चालत गेली. पाणवठ्यावर बायका कुजबुजायच्या, सोमाची बायको लागीर आहे म्हणून. मी मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो. तिच्या दुःखापेक्षा त्या कुजबुजीनं मला जास्त छळलं, हे तेव्हा मी मनातसुद्धा कबूल केलं नसतं. शेवटी देवरशी आणला, आणि गावच्या शिवेवरच्या, बुंध्याला मोठं आवाळू असलेल्या एका मत्तीच्या झाडात मी खिळा ठोकला. देशावर मत्तीला ऐन म्हणतात. घण मारून मारून तळहाताला फोड आले होते.

शेवंती बरी झाली. खिळ्यानं झाली की तिची आई येऊन दोन महिने राहिली म्हणून झाली, देव जाणे. पुढं दोन मुली झाल्या. पाणवठ्यावरची बडबड थांबली. मी खिळ्याचं नाव काढलं नाही.

आठ वर्षांनी त्या डोंगरावर तोड निघाली.

*

दसरा होऊन गेला होता. सकाळी गाडीवर जो ओंडका चढला, त्याच्या एका बाजूला बैलाच्या वशिंडासारखं आवाळू होतं. मी दहा हातांवरनं ओळखला. जवळ गेलो. मत्तीच्या लाकडात लोखंड राहिलं की भोवतीचं लाकूड शाईसारखं काळं पडतं. बुंध्याच्या कापावर अंगठ्याएवढा काळा डाग होता. बाहेरनं सालीनं जखम पार भरून काढली होती, खिळ्याचा माथा कुठं दिसत नव्हता.

मी काय करायला पाहिजे होतं ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ‘अण्णा, ह्यात लोखंड हाय.’ पाच शब्द नाहीत. पण बसाप्पा विचारणार, कडी कुठं दिसतीय? मी म्हणणार, कडी न्हाई, खिळा हाय. मग भोवतीची सगळी आमच्याच बाजूची माणसं. खिळा म्हटल्यावर कुणाचा, कशासाठी, हे त्यांना कुणी सांगायला नको. सोमाला कसं ठाऊक? म्हणजे सोमाचाच. म्हणजे शेवंतीचाच. त्यांत रामा गावडा होता, माझा शेजारी, ज्याच्या जिभेला हाड नाही. दुपारपर्यंत गावात, आणि उद्यापर्यंत अणशीपर्यंत गेलं असतं.

मी खाली वाकलो, ओली माती उचलली आणि त्या काळ्या डागावर फासली. मग पहारीनं ओंडका फिरवून खिळ्याची बाजू बाहेर घेतली. मनात हिशेब असा की पहिल्या कापात वरचं फळकूट निघून जातं, त्यातच खिळाही जाईल, कुणाला कळणारसुद्धा नाही. फळकूट चार बोटं जाड निघतं. खिळा वीतभर होता. मीच लोहाराकडनं आणला होता आणि मीच ठोकला होता, पण त्या वेळेला अक्कल गुरं चारायला गेली होती.

‘तम्मा, लोखंड?’

‘साफ हाय अण्णा!’

मी नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडलो होतो.

*

काय झालं ते मला सगळं आठवत नाही. आवाज आठवतो. पत्र्यावर कुणी धोंड्यांची पाटी ओतल्यासारखा. ओंडका गाडीवर उडाला, मी उजव्या हातानं त्याला रेटून धरत होतो, तो हात पुढं गेला. दुखलं नाही. खाली बघितलं तर माझा हात मनगटाच्या वरनं नाही, आणि मला पहिली गोष्ट सुचली ती ही, की खिळा कुणाला दिसला का.

होय, हेच सुचलं. खोटं कशाला लिहू?

बसाप्पानं डोक्याचा पटका काढला आणि माझा दंड असा आवळला की मी तेव्हा ओरडलो. त्याच्या गालात करवतीचा एक दात घुसला होता, रक्त मिशीतनं गळत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. ‘तम्मा, माझ्याकडं बघ. तिकडं नको, माझ्याकडं बघ,’ असं तो म्हणत राहिला. लाकूड वाहणाऱ्या आगगाडीत मला घातलं आणि बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यानं माझं डोकं मांडीवरनं हलवलं नाही. मी शुद्धीवर यायचो तेव्हा वर त्याचा चेहरा दिसायचा, आणि मी परत डोळे मिटायचो.

*

डॉक्टरनं कोपराच्या खाली चार बोटांएवढा हात ठेवून बाकीचं काढून टाकलं. हुंगायचं औषध देतात, त्यामुळं कळत नाही. कळतं ते नंतर.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगून ठेवतो. नसलेली बोटं खाजतात. मूठ आवळलेली वाटते आणि ती काही केल्या उघडत नाही. वेड लागलंय असं समजू नका, सगळ्यांना होतं. माझ्या शेजारच्या खाटेवर रेल्वेच्या रुळात पाय गेलेला एक म्हातारा होता. त्यानं मला युक्ती दाखवली. चांगला हात समोर धरायचा, मूठ घट्ट आवळायची आणि हळूहळू उघडायची, त्याबरोबर ती दुसरीही जरा सैल पडते. ‘माझा अंगठा रोज सक्काळी चावतोय बघ, पुरलाय कुठं तेबी ठावं न्हाई,’ असं म्हणून तो खदखदा हसायचा. सकाळी पट्टी सोडायला कंपाउंडर आला की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. चिकटलेली पट्टी ओढताना मी आईमाई काढायचो. नर्सबाई म्हणायच्या, ‘ओरडा, पण हलू नका.’ त्या आधी कोमट पाण्यानं पट्टी भिजवून ठेवायच्या, कंपाउंडर यायच्या आत, चोरून. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

आणि जेवण. डावा हात आपण कशाला वापरतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्या हातानं भाताचा घास तोंडापर्यंत न्यायचा. पहिले आठ दिवस मी भिंतीकडं तोंड करून जेवलो.

*

चौथ्या दिवशी गिरणीचा कारकून आला. कागद, दौत घेऊन खाटेशेजारी बसला.

‘सोमा, सरळ सांग. ओंड्यात लोखंड निघालं. करवत गेली. साहेब तापलाय. मिस्त्री म्हणतो, मी विचारलं होतं, सोमा साफ म्हणाला. तू तपासलास का नाही?’

मी पट्टी बांधलेला हात पांघरुणाखाली ओढून घेतला.

‘हे बघ,’ तो हळू बोलला, ‘तू साफ म्हणाला असशील तर चूक तुझी. मग गिरणीत तुला पुन्हा जागा नाही. मिस्त्रीनं विचारलंच नसेल, तर गोष्ट वेगळी.’

त्यानं दार उघडून दिलं, आणि मी त्यातनं आत शिरलो. ‘मिस्त्रीला घाई हुती,’ मी म्हणालो. ‘मला इचारलंच न्हाई.’

कारकुनानं लिहून घेतलं. माझा डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला. सही येत होती मला, पण ती उजव्या हाताची.

लोखंड कसलं होतं ते त्यानं विचारलं नाही. करवतीनं खिळ्याचे तुकडे केले होते, गिरणीत सगळे मोडकी कडीच समजले.

तीन आठवड्यांनी बसाप्पा दवाखान्यात आला. गालावर टाक्यांची खूण. हातात भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधलेली. बेळगावात काम शोधायला आलो होतो, म्हणाला. म्हणजे त्याला काढलं होतं. मला डाव्या हातानं जेवताना बघून त्यानं भाकरी मोडली आणि मला घास भरवायला लागला. एवढा मोठा मिशीवाला माणूस, वॉर्डभर लोक बघत असताना. तिसऱ्या घासाला त्यानं विचारलं.

‘तम्मा, कारकून म्हणतो, मी तुला इचारलं न्हाई असं तू सांगितलास. खरं काय?’

‘मला शुद्ध नव्हती अण्णा,’ मी म्हणालो. ‘काय बोललो ठावं न्हाई.’

‘न्हाई, पण मी इचारलं हुतं न्हवं?’

‘मला काय बी आठवत न्हाई.’

मग त्यानं उरलेली भाकरी भरवून संपवली, फडकं झटकलं, घडी केली आणि गेला. हात तुटला तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी तोंडावर पांघरूण घेऊन रडलो, आणि म्हाताऱ्याला वाटलं मला बोटं चावतायत.

*

गिरणीनं मला फाटकावर बसायचं काम दिलं. येणारे-जाणारे म्हणायचे, ‘बिच्चारा सोमा. त्या कानड्यानं घात केला गरिबाचा.’ मी मान हलवायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. कुणी नुसतं ‘कसा हाईस’ विचारलं तरी मला घाम फुटायचा.

घरी मुली मला बघून आधी दारामागं लपल्या. धाकटी चार दिवसांनी येऊन बसली आणि विचारलं, ‘बाबा, तो परत उगवतो?’ शेवंती धोतराला गाठ मारून द्यायची, अंघोळीला पाठ चोळायची, आणि कधी चुकूनसुद्धा त्रासली नाही. देवळात प्रसाद घ्यायला मी डावा हात पुढं केला की पुजारी थबकायचा. तेव्हा ती मागनं येऊन आपला उजवा हात माझ्या हातावर धरायची, प्रसाद तिच्या तळहातावर पडायचा. ती जितकी जपायची तितका मी तिच्या अंगावर वसकन् जायचो. भात गरम का, पाणी गार का. माझं मलाच कळायचं, ही चिडचिड हाताची नाही.

नवं भात आलं. शेवंतीनं पोहे कांडायला घेतले. अंगणात उखळापाशी ती आणि मी दोघंच होतो.

‘ह्यातलं पायलीभर वायलं काढती,’ ती म्हणाली. ‘आपून दोघं हल्याळाकडं जाऊ. बसाप्पाण्णाला देऊन येऊ.’

‘कशाला?’

‘कशाला म्हंजी? त्येनं आवळून बांदलं नसतं तर मी आज कपाळ पुसून बसली असती. चूक झाली त्येची, मान्य. पर जीव कुणी वाचिवला?’

‘लांब हाय. काय गरज न्हाई.’

‘असं कसं वो तुमी!’ तिनं मुसळ थांबवलं. ‘मानूस हाय का कोन? तुमाला जायाचं नसंल तर मी एकली जाती. त्येच्या पाया पडून येती.’

ती बसाप्पाच्या पाया पडणार. हे माझ्याच्यानं ऐकवलं नाही. ‘त्येची चूक न्हवती!’ मी ओरडलो. मग जे सुरू झालं ते थांबेना. आवाळू, काळा डाग, माती, साफ, कारकून, सगळं. आणि खिळा. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं नाव काढलं, तेही तिच्यापुढं, आणि बोलून झाल्यावर तिच्या तोंडाकडं बघत बसलो, की आता काही होतंय का.

तिला काही झालं नाही. ती नुसती संतापली.

‘घण घिऊन गेलात आन हाताला फोड घिऊन आलात. मला कळलं न्हाई वाटलं तुमाला? मी गप बसली, तुमचं मन ऱ्हावं म्हून.’ तिनं मुसळ भिंतीला टेकवलं. ‘आता एक सांगा. मला परत लागंल ह्या भ्यानं तुमी गप बसलात, का लोकं हसतील म्हून?’

‘तुज्यासाठीच की,’ मी म्हणालो.

‘खरं सांगा.’

उखळात अर्धे कांडलेले पोहे होते. मी डाव्या हातानं ते उगाच सारखे केले.

‘लोकं हसतील म्हून.’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘मग माजं नाव पुढं करू नगासा.’ आणि तिनं परत मुसळ उचललं.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, कुळगीवरनं पुढं एक मुक्काम करून तिसऱ्या दिवशी पोचलो. बसाप्पा गावाबाहेर करवतखड्ड्यावर होता. वर एक माणूस, खड्ड्यात एक, मध्ये उभी हातकरवत, असं आमच्या आज्यापणज्यांच्या काळचं काम. वाफेच्या करवतीवर राज्य केलेला मिस्त्री खड्ड्यात उतरून भुसा डोक्यावर घेत होता.

मी शेवंतीच्या मागं उभा राहिलो. तिनं कोपरानं मला पुढं ढकललं. मी सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पळालो असतो.

मला वाटलं होतं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो खड्ड्याच्या कडेवर बसला आणि म्हणाला, ‘म्हणजे मी इचारलं हुतं?’

‘इचारलं हुतं अण्णा.’

‘परत सांग.’

‘तुमी इचारलं हुतं. लोखंड म्हून. मी साफ म्हणालो.’

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोलला. ‘तम्मा, काम गेलं त्याचं काय न्हाई. काम मिळतं. पण मला वाटू लागलं, मी खरंच इचारलं न्हाई. म्हातारा झालो, इसरलो, आन तुझा हात मी घेतला. रोज आठवतो, रोज कानात ऐकतो, तरी खातरी होईना. बेळगावात दोन गिरण्यांत गेलो. पट्टा चढवायला हात वर केला की हात लटलट कापतो. म्हणून हितं खड्ड्यात. हितं कुणाचा हात जात न्हाई.’

मी त्याच्या पायाशी वाकलो. त्यानं पाय मागं घेतले.

‘मला सांगून काय उपयोग? मला तर ठावं हुतं, तू सांगेपर्यंत इसरायला लागलो हुतो एवढंच. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग. गिरणीत. सगळ्यांसमोर.’

पोहे त्यानं शेवंतीच्या हातून घेतले. ‘ये अक्का, बस. पाणी पी,’ तिला म्हणाला. मला बस म्हणाला नाही.

*

गिरणीची शिट्टी झाली, माणसं जमली, साहेब आणि कारकून ओट्यावर होते. मी फाटकावरनं उठून मधोमध गेलो आणि सांगितलं. खिळा माझा, झाड माझ्या ओळखीचं, माती मी फासली, बसाप्पानं विचारलं होतं. शेवंतीचं नावही घेतलं, कारण तिनंच निघताना सांगितलं होतं, ‘बायकू म्हनू नगासा, नाव घ्या.’

आधी कुणाला कळलंच नाही. मग रामा गावडा फिसकन् हसला, आणि हशा पसरला. ‘भूत सुटलं रे सोमाचं!’ कुणीतरी ओरडलं. हसण्याला मी इतकी वर्षं भ्यालो, ते एवढंच होतं. चिलीम ओढून होईपर्यंत टिकलं. साहेब मात्र हसला नाही. मला त्याच दिवशी फाटकावरनं काढलं, ते रास्तच होतं. बसाप्पाला परत या म्हणून कागद गेला. तो आला नाही. त्यानं निरोप पाठवला की हात अजून कापतो. पुढंही आला नाही. मी कबूल केलं म्हणून झालेलं भरून आलं असं कुणी समजू नये. माझा एक हात गेला तो कोपराखाली, त्याचे दोन्ही हात अंगाला असून गेले, आणि ते मी घेतले.

महिनाभरानं रामा गावडा माझ्या अंगणात आला. कोंबडी विकत पाहिजे म्हणाला. कोंबड्या सगळ्या बघून झाल्या, एकही पसंत पडेना, तरी जाईना. शेवटी म्हणाला, ‘सोमा, वरच्या टेकाडावर नाणा जातीचं जुनं झाड हाय बघ. त्यात बी एक हाय. आमच्या आयेचा. औंदा तिकडं तोड हाय.’

‘मग जा की सांगायला गिरणीत.’

‘कसं सांगू? घरात बहिणीचं लगीन ठरलंय. असल्या घरातली पोरगी कोण करंल?’ त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मला ते तोंड ओळखीचं वाटलं.

आतनं शेवंतीचा आवाज आला. ‘आमचं म्हून सांगा. ह्येंच्या बायकोचं म्हून. एकदा नाव झालंच हाय.’

मी गिरणीत जाऊन सांगितलं, टेकाडावरच्या नाणा झाडातही आमचाच खिळा आहे. त्यांनी झाडावर चुन्याची खूण केली आणि ते सोडलं. पुढं आणखी एक जण आला, परसदारानं, तोंडावर टॉवेल घेऊन. मग आणखी. कुणाची आई, कुणाची सून, कुणाची विधवा बहीण. त्या डोंगरात आम्ही सगळ्यांनी केवढं लोखंड पुरून ठेवलं होतं! दर वर्षी तोडीच्या आधी मी गिरणीत जायचो आणि आमचेच खिळे म्हणून झाडं दाखवायचो.

गेल्या तोडीला शेवंती बरोबर होती. बाजाराला निघालो होतो, डोक्यावर तिच्या काकड्यांची पाटी. कारकून तोच, आता केस पिकलेत. मी दोन झाडं सांगितली तसा तो दौतीत टाक बुडवता बुडवता सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, ‘सोमा, अरे तुझ्या बायकोला भुतं लागली होती तरी किती?’ ओट्यावरची माणसं खो खो हसली. माझे कान तापले. इतक्या वर्षांनीही, माझ्यासाठीच, माझ्याच लाजेनं.

शेवंतीनं पाटी खाली ठेवली आणि ओट्यापाशी गेली.

‘लिवा सायेब,’ ती म्हणाली. ‘आनि दोन हाईत, नदीकडच्या अंगाला. आन सोमाची बायकू असं लिवू नगा. शेवंती म्हून लिवा.’

कारकुनानं तसं लिहिलं. तिनं पाटी उचलायला मला हाक मारली, आणि मी डाव्या हातानं एक बाजू धरली. तिच्याकडं वर बघणं काही मला जमलं नाही.